कारवी, कॉलनी आणि माझं बीपी

आमच्या कॉलनीत चार माणसं चहाला बसली की माझ्या झाडांचा एक तरी किस्सा निघतोच. सांगणारे हसून हसून सांगतात, ऐकणारे माझ्याकडे बघून हसतात. मला मात्र त्यातला एकही किस्सा हसण्यासारखा वाटत नाही. दरवेळी मी म्हणते, झालं एकदाचं, आता ह्याच्यापुढे आणखी काय होणार? की थोड्या दिवसांत नवीन काहीतरी हजर. आता एवढे साठलेत, की दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावलेले ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे. निदान चूक कोणाची ते तरी नीट कळेल. माझी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी नर्स. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी नगरला सावेडीतल्या आमच्या कॉलनीत मला सगळे ‘सिस्टर’च म्हणतात आणि आमच्या ह्यांना पाठीमागे ‘सिस्टरांचे मिस्टर’. नोकरीची सुरुवातीची वर्षं राजूरच्या पुढे, डोंगरातल्या एका उपकेंद्रात गेली. तिथे मी कारवी पाहिली. माणसाच्या उंचीचं झुडूप. उन्हाळ्यात पानं गाळतं आणि नुसत्या काठ्या उरतात, पावसाळ्यात पुन्हा हिरवंगार होतं. फुलतं मात्र सात वर्षांनी एकदाच, आणि फुललं की बी टाकून वाळून जातं. तिकडे डोंगरात भरपूर आहे. पण इकडे नगरच्या उन्हात, घरच्या बागेत कारवी असलेलं एक घर मला दाखवा.

तो बहर मी एकदाच पाहिला, तोही पळता पळता. मी आणि गावातली दाई भीमाबाई, दोघी एका वाडीवर बाळंतिणीकडे निघालो होतो. वळण घेतलं आणि समोर अख्खा डोंगर जांभळा. मी जागच्या जागी थांबले. भीमाबाई म्हणाली, “शिस्टर, डोंगर कुठं पळत न्हाई. बाई आडलीय तिकडं.” पुढच्या बहराला निवांत बघू असं म्हणून मी चालायला लागले. पुढच्या बहराला माझी बदली झाली होती घोडेगावला. त्याच्यापुढचे बहर संसारात आणि ड्युटीत गेले. मग गुडघे गेले, आणि डॉक्टरांनी मला डोंगर बंद केला. तेव्हा मी ठरवलं, मला कारवीकडे जाता येत नसेल तर कारवीला माझ्याकडे आणायचं. एक बहर घरी बसून, मन भरेपर्यंत बघायचा. एवढंच मागणं होतं माझं. पोहेहार नव्हता मागितला.

*

सुरुवात एस.टी.पासूनच झाली.

भीमाबाईच्या नातवाच्या लग्नाला राजूरला गेले होते. निघताना तिने बांधावरची रोपं मुळासकट, मातीसकट काढून पोत्यात बांधून दिली. पुढच्या बहराला अजून काही वर्षं होती, म्हणजे रोपांना नगरच्या मातीत रुळायला वेळ होता. मी पोतं मांडीवर घेऊन बसले. शेजारी टोपीवाले एक आजोबा.

“कारवी व्हय?” ते म्हणाले.

“हो.”

“कुडाला नेताय?”

कूड म्हणजे कारवीच्या काठ्या बांधायच्या आणि वर शेणमाती लिंपायची, तशी भिंत. मी म्हणाले, “नाही हो आजोबा, बागेत लावायला.”

आजोबांनी एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आवाज खाली आणून म्हणाले, “कारवी कुनी लावतं व्हय बाई? आमी तोडून दमलो. खरं सांगा, लाजू नका. घर पडलं का?”

आवाज खाली आणला होता म्हणे! पुढच्या सीटवरून एकजण वळला, “कुनाचं घर पडलं?” मागून उत्तर आलं, “शिस्टरचं. नगरला.” एका बाईच्या दोन्ही पोरांना लस मीच दिलेली. ती डोळ्याला पदर लावून उठली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. अकोले स्टॅंडपर्यंत एकाने जीपभर कारवी पाठवायचं कबूल केलं, आणि दोघी जणी लिंपायला येतो म्हणाल्या. नुसतं जेवण द्या, बाकी काही नको.

शेवटी मी उभी राहिले आणि ओरडले, “माझं घर स्लॅबचं आहे. दोन मजली. त्याला काही झालेलं नाही.”

सगळे आजोबांकडे बघायला लागले. मग आजोबा सगळ्यांना समजावत म्हणाले, “वरच्या मजल्याला लावनार आसतील.”

*

रोपं घराच्या उत्तरेला सावलीत लावली. एक उरलं ते मागे, न्हाणीच्या पाण्यावर लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धनवटे काका आले.

धनवटे काका म्हणजे शेजारी. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून रिटायर झालेले. रोज सकाळी आमच्या व्हरांड्यात येऊन बाही वर करून बसतात. बीपी बघायला. त्यांच्या मुलाने त्यांना चांगलं मशीन आणून दिलंय, पण ते म्हणतात, घरचं मशीन घरच्यासारखं बोलतं, खरं बोलत नाही. काकू जाऊन काही वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा सगळा जीव घरामागच्या वाफ्यात. टोमॅटो, घेवडा, दोडका. खाता येत नाही असं एक पान त्यांच्या कंपाउंडमध्ये नाही.

मी पट्टा बांधत होते, तेवढ्यात त्यांनी चौकशी सुरू केली.

“ह्याला फळ?”

“नाही.”

“भाजी?”

“नाही.”

“देवाला चालतं?”

“माहीत नाही.”

“फूल तरी?”

“येतं ना. सात वर्षांनी एकदा.”

“आन् मंग?”

“मग झाड वाळतं. मरतं.”

काकांनी माझ्या हातातून दंड सोडवून घेतला. “सात वर्सं पानी घालायचं. मंग त्ये एकदा फुलनार आन् मरनार. सिस्टर, आमच्या शेतकी खात्यात आसल्याला गवत म्हनायचे.”

मी म्हणाले, “काका, हात पुढे करा. बोलू नका. बोललं की बीपी जास्त येतं.”

त्यांचं बीपी अगदी छान निघालं. ते गेल्यावर मी माझं बघितलं, आणि त्या आठवड्यापासून मला गोळी सुरू झाली.

*

आता साड्यांचं ऐका, कारण ह्यात अख्खी कॉलनी गुंतलेली आहे.

नगरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. डोंगरातलं झाड ते, त्याला कुठे सवय? सावली करायला जुन्या साड्या हव्या होत्या. मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, ‘कुणाकडे जुन्या सुती साड्या असतील तर द्याव्यात.’ भराभर अंगठे आले. नमस्कार आले. फुलांचे गुच्छ आले. साडी एक आली, ती पण ‘वापरून झाली की धुऊन परत द्या’ म्हणून.

मग धनवटे काकांकडे गेले. काकूंच्या साड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट त्यांच्या घरात आहे, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक. काकू गेल्यापासून ते कपाट कोणी उघडलेलं नाही. मी दारात उभी राहून विचारलं. काका म्हणाले, “आमच्यात जुनं लुगडं न्हाई,” आणि दार लावलं. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. मला इतका राग आला. कपाटात कसर लागून गेल्या तरी चालतील, पण शेजारणीला एक द्यायची नाही. रोज फुकट बीपी बघून घेताना शेजार आठवतो.

मी घरी आले आणि आपल्याच आहेरातल्या साड्या काढल्या. तुमच्याकडेही असतील, कुणाच्या तरी लग्नात आलेल्या, चकचकीत, लाल-हिरव्या, नेसवत नाहीत आणि टाकवत नाहीत. त्या झाडांवर बांधल्या. बुंध्याशी ओल टिकावी म्हणून दगड मांडले. मध्ये पाण्याचं मडकं पुरलं, खाली बारीक भोक पाडून. काम बघून मलाच बरं वाटलं. मग आठ दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेले.

परत आले तर गेटमध्ये चपलांचा ढीग. आत जाऊन बघते तर काय, दगडांना हळदकुंकू, शेंदूर, वरून तेलाचे ओघळ. बांगड्या. लिंबं. नारळाची करवंटी. कोणीतरी रस्त्यावरून जाताना ओळीत दगड बघितले, वर हिरवी साडी बघितली, शेजारी पाणी बघितलं, आणि ठरवून टाकलं की सिस्टरांकडे साती आसरा प्रकट झाल्यात. पाण्याजवळच्या देवता त्या. त्यांना कोणी नाही म्हणेल का? बायका रांग लावून आल्या.

आमचे हे घरातच होते. मी विचारलं, “तुम्ही थांबवलं नाही?”

हे म्हणाले, “बायका श्रद्धेनं आल्या होत्या. शिवाय प्रसाद ठेवून जायच्या.”

आठ दिवस ह्या माणसाने घरात खोबऱ्याची चटणी खाल्ली. तिकडे माझी झाडं तेल पिऊन पिऊन काळी पडली. मातीत हात घातला तर बोटं तेलकट. त्या ओळीतलं एकही वाचलं नाही. पलीकडच्या बाजूला काही होती, तेवढीच राहिली.

मी म्हणाले, निदान दगड तरी उचलते. तर महिला मंडळाच्या शैलाताई धावत आल्या. “सिस्टर, आसरा हलवू नका. घराला चांगलं नसतं.”

म्हणजे झाड मेलं ते घराला चांगलं! ते दगड अजून तिथेच आहेत. आषाढात त्यांना नारळ येतात.

*

मध्ये एकदा कॉलनीत बागांची स्पर्धा झाली. नेमकी फेब्रुवारीत. कारवी पानं गाळून उभी होती.

परीक्षक गॉगल लावून आले. मी त्यांना सगळं नीट समजावलं. हे झुडूप दुर्मिळ आहे, आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरातलं आहे, आता दिसत नाही पण जिवंत आहे, अमुक वर्षी फुलेल. ते मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, चला, एक तरी जाणकार भेटला.

पहिलं बक्षीस मिळालं प्लॅस्टिकच्या हिरवळीला. त्या घरात कारंजं होतं आणि कारंज्यात सिमेंटचं बदक. मलाही सर्टिफिकेट मिळालं. ‘परसदारी स्वच्छ व मोकळी जागा राखल्याबद्दल.’

ह्यांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पाहुणे आले की मला त्याच्याखाली बसावं लागतं.

*

ह्या वर्षीची होळी मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हे बहराचं वर्ष. भीमाबाईचा फोन आला होता, “शिस्टर, यंदा डोंगर भरनार. तुमच्याकडच्याबी भरतील.” मी रोज सकाळी उठून काठ्यांना नखाने ओरखडून बघायची. आत हिरवं दिसलं की जिवात जीव यायचा.

होळीच्या दिवशी मी दुपारपासून स्वयंपाकघरात. पुरण शिजवायचं, वाटायचं, पोळ्या लाटायच्या. कॉलनीच्या होळीची जबाबदारी ह्या वर्षी आमच्या ह्यांच्याकडे होती. लाकडं कमी पडली होती. आता होळीला लाकडं कमी पडली की कुणाच्या तरी कंपाउंडमधून न विचारता आणतात, ही रीत आहे आणि त्यावर कोणी रागवायचं नसतं, ही पण रीत आहे. पण ती रीत दुसऱ्याच्या कंपाउंडसाठी असते. ह्यांनी स्वतःच्या घरात चोरी केली.

संध्याकाळी नैवेद्याचं ताट घेऊन मी मागच्या दाराने निघाले आणि बघितलं, तर वाफा रिकामा. नुसते खड्डे. हे समोर उभे.

“काठ्या कुठे आहेत?”

“वाळल्या होत्या ना? म्हणून उपटून नेल्या. तूच म्हणतेस, फुललं की वाळतं.”

“अहो, पण फुललंय कुठे?”

हे विचारात पडले. मी ताट ह्यांच्या हातात दिलं आणि पुरणाच्या हातांनी चौकाकडे पळाले. गुडघे विसरून पळाले. होळी पेटलेली होती. माझ्या बहुतेक काठ्या मधोमध, मुळांची माती अजून ओली. मी ओरडायला लागले. कोणी उपटली, कोणाला विचारून उपटली, मेल्यांनो काढा ती बाहेर. जे तोंडाला आलं ते बोलले. आयुष्यात कधी बोलले नव्हते असं बोलले.

आता होळीला सगळेच ओरडतात. तोंडावर हात मारून बोंब मारायचाच तो दिवस. माझ्या दोन्ही बाजूंनी शंभर माणसं बोंबलत होती. माझा आवाज चढला तसा लोकांना आणखी चेव आला. शैलाताई शेजारणीला म्हणाल्या, “सिस्टर ह्या वर्षी किती मोकळ्या झाल्यात बघ.” एकाने माझा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. त्याला अंगठे किती आले ते विचारूच नका.

आणि तशात धनवटे काका. माझ्या काठ्यांतल्या ज्यांना अजून जाळ लागायचा होता त्या कडेच्या दोन सरळ काठ्या, मुळासकट, ओढून काढल्या आणि काखेत मारून निघाले. मी म्हणाले, “काका?”

“सरळ हायेत,” ते म्हणाले. “टोमॅटोला आधार हुईल. जळून काय उपेग?”

माझी एवढ्या वर्षांची झाडं जळत होती आणि ह्या माणसाला टोमॅटो आठवत होते. मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाही वर करून हजर होतेच.

*

तरी एक राहिलं होतं. न्हाणीच्या मागचं. ते कारवीचं आहे हे आमच्या ह्यांना माहीतच नव्हतं, म्हणून वाचलं. मी त्यांना सांगितलंही नाही. कोणालाच सांगितलं नाही. भीमाबाईला फोनवर सांगताना पण हळू आवाजात सांगायची.

पाऊस लागला तसं ते तरारलं. तळहाताएवढी खरखरीत पानं आली. श्रावण संपत आला आणि शेंड्याशी कळ्यांचे गेंद धरले. हिरवे, चिकट. मी रोज चहाचा कप घेऊन तिथे जाऊन उभी राहायची. ह्यांना वाटायचं, माझं न्हाणीच्या पाइपमध्ये काहीतरी अडकलंय.

मग हरतालिका आली.

तुम्हाला माहीत आहे, हरतालिकेच्या पूजेला सोळा प्रकारची पत्री लागते. त्या सकाळी बायका पिशव्या घेऊन निघतात आणि कोणाच्याही बागेत शिरतात. कोणी कोणाला अडवत नाही. मी आंघोळ करून बाहेर आले तर न्हाणीच्या मागे शैलाताई आणि आणखी चौघी. पिशव्या भरलेल्या. आणि माझं झाड एकदम बोडकं. एक पान नाही, एक कळी नाही. शेंडेसुद्धा खुडलेले.

मी बोडक्या शेंड्याला हात लावला.

शैलाताई म्हणाल्या, “बरं झालं बाई तुमच्याकडे हे निघालं. पंधरा मिळाल्या होत्या, सोळावी मिळतच नव्हती.”

“त्याला कळ्या होत्या,” मी म्हणाले.

“हो ना, किती सुंदर. म्हणून सगळ्याच घेतल्या. सगळ्यांना थोड्या थोड्या वाटल्या.”

“शैलाताई, ते सात वर्षांनी फुलतं.”

त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, “मग असं करते, पूजा झाली की तुमच्या परत आणून देते.”

मी घरात जाऊन दार लावलं आणि रडले. सांगायला लाज कसली? नोकरीत इतकी मरणं बघितली, तेव्हा नाही रडले, त्या दिवशी रडले. पुढच्या बहराला मी असेन की नसेन, असले तरी डोळे असतील की नसतील. एक फूल बघायचं होतं हो मला. नाहीच बघू दिलं ह्या लोकांनी.

आणि सगळ्यात जास्त राग कोणाचा आला सांगू? धनवटे काकांचा. त्या सकाळी ते त्यांच्या गेटमध्ये खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसले होते. भल्या पहाटेपासून. मी दूध घ्यायला गेले तेव्हा बघितलं होतं. एकही बाई त्यांनी आत जाऊ दिली नाही. म्हणे, आमच्यात पत्री न्हाई, पुढं जा. त्या पुढे म्हणजे माझ्या घरात आल्या. समोरून गेल्या त्यांच्या, पण हा माणूस हूं नाही की चूं नाही. कोणाचे टोमॅटो हरतालिकेला वाहतात?

दुसऱ्या दिवशी ते आले आणि बाही वर केली. मी म्हणाले, “काका, आजपासून दवाखान्यात जा. माझं मशीन बिघडलंय.”

ते उठले. मग बाही खाली केली आणि गेले. त्यानंतर आलेच नाहीत. गणपती आले, गेले, मी काही बोलावलं नाही.

*

आणि आता गेल्या आठवड्यातली गोष्ट.

सकाळीच भीमाबाईचा फोन. “शिस्टर, आख्खा डोंगर भरलाय. पोराला जीप घिऊन पाठवू का? खालनं बघा.” मी म्हणाले, खालून काय दिसणार भीमाबाई, आणि मला जीपमध्ये तेवढा वेळ बसवत नाही. ती म्हणाली, “मंग फोटू पाठवते.” मी फोन ठेवला. फोटो आला, तो मी उघडला नाही.

तेवढ्यात गेट वाजलं. धनवटे काका. बाही खालीच.

“सिस्टर, मशीन घिऊन जरा आमच्याकडं या.”

मला वाटलं, कोणाला तरी चक्कर आली. राग असला तरी नर्स आहे मी. मशीन घेतलं आणि गेले. ते घरात शिरले नाहीत, बाजूच्या बोळातून मागे निघाले. इतक्या वर्षांत त्यांच्या मागच्या वाफ्यात मी कधी गेलेच नव्हते. पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि मी थांबले.

टोमॅटोचं एक रोप नव्हतं. घेवडा नव्हता. वाफ्यात टोमॅटो बांधायच्या सुतळीच्या जुन्या गाठींसकट कारवी उभी होती, माझ्या खांद्याएवढी, आणि खालपासून वरपर्यंत जांभळी. फुलांवर मधमाश्या इतक्या होत्या की आवाज येत होता. चार पाइप रोवलेले होते आणि त्यांच्यावर एक साडी बांधलेली, पोपटी, बारीक काठाची. वरच्या बाजूने उन्हाने पार पांढरी पडलेली. ती साडी मी ओळखली. काकू दर संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला तीच नेसून यायच्या.

मी हातातलं मशीन खाली ठेवलं.

मग मी म्हणाले, “काका, ही साडी.”

“उन्हाळ्यात टोमॅटोला ऊन लागत हुतं,” ते म्हणाले.

मे महिन्यात कोणाचे टोमॅटो राहतात? पण मी ते विचारलं नाही. मी दुसरंच बोलले. एवढ्या दिवसांचा राग होता ना.

“काका, हे झाड माझं आहे.”

“झाड तुमचं आसंल,” काका म्हणाले. “काठी मी होळीतनं आनलीय. होळीत गेल्यालं कुनी माघारी मागत न्हाई.”

खरंच मागत नाहीत.

त्यांनी भिंतीशी ठेवलेली खुर्ची उचलून आणली. हरतालिकेला गेटमध्ये टाकली होती तीच. पंच्याने पुसली आणि झाडासमोर ठेवली. मी बसले. काका माझ्या मागे उभे राहिले. माझा हात आपोआप पुढे झाला असावा, कारण काका एकदम खाकरले.

“बगायचं तेवढं बगा सिस्टर, सांजच्यापत्तूर बसा,” ते म्हणाले. “पन फुलाला हात लावायचा न्हाई.”